बंद न करता दुरुस्ती

येरवड्यात माझा कॉम्प्युटर दुरुस्तीचा गाळा आहे. अजून आहे, असं म्हणायला हवं, कारण डेस्कटॉप घेऊन येणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. काउंटरपाशी मी एकटीच बसलेली असते. आलेला माणूस माझ्या डोक्यावरून आत बघत विचारतो, "इंजिनिअर आहेत का?" मी म्हणते, "आहेत. बोला." मग तो पुन्हा एकदा आत बघतो. इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न काही थांबला नाही. पूर्वी राग यायचा, आता त्याच्याशिवाय दुकान उघडल्यासारखं वाटत नाही.

या अंकाच्या संपादकांनी गमतीदार गिऱ्हाइकांबद्दल लिहायला सांगितलं होतं. तशी माणसं भरपूर भेटली. पण लिहायला बसले की मला लोणी काळभोरचे भालेराव काका आठवतात, आणि त्यांच्या गोष्टीत गंमत काही नाही. तेव्हा संपादकांनी माफ करावं.

आधी पॉवर सप्लाय म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे त्याला सरसकट एसएमपीएस म्हणतात. डेस्कटॉपला मागच्या बाजूने जिथे आपण जाड वायर खोचतो, तिथे आत पत्र्याचा एक चौकोनी डबा असतो. भिंतीतली दोनशेतीस व्होल्टची वीज मशीनच्या नाजूक पोटाला सोसणारी नाही. हा डबा ती वीज घेतो, तिची बारा व्होल्ट, पाच व्होल्ट, तीनच्या थोडी वर अशी वाटणी करतो आणि ज्याला जेवढी पचेल तेवढी पोचवतो. घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईसारखंच याचं आहे. रोज सगळ्यांना वेळेवर मिळतंय तोवर तिच्याकडे कुणी बघत नाही.

हा डबा गेला की लोकांना वाटतं, दुसरा आणला आणि बसवला, झालं. तसं नसतं. मशीनमधले सगळे भाग मिळून किती वीज ओढतात ते बघावं लागतं. डबा त्या कॅबिनेटमध्ये मावतो का, तेही बघावं लागतं. त्याची टोकं मदरबोर्डला जुळतात का, हे तर डोळ्यांत तेल घालून पाहायचं, कारण ऑफिसांतल्या काही तयार मशिनांची टोकं कंपनीने आपली आपणच ठरवलेली असतात. एकदा पेठेतले एक गृहस्थ ऑनलाइन मागवलेला सप्लाय घेऊन आले. मी म्हटलं, "हा तुमच्या मशीनला बसणार नाही." ते म्हणाले, "का नाही बसणार? नवाकोरा आहे." मी म्हटलं, "मग शोकेसमध्ये बसेल." गेले तणतणत, आणि दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन आले. खराडीची आयटीतली पोरं याच्या अगदी उलट. त्यांना वॅटचं वेड. घरात माणसं तीन आणि पातेलं लग्नाचं, असे सप्लाय घेऊन येतात. त्याने बिघडत काही नाही, पण वॅटच्या नादात बाकीचं बघायचं राहून जातं.

तर भालेराव काका.

गेल्या उन्हाळ्यात फोन आला. "जय भीम ताई. लोनीवरनं भालेराव बोलतोय. तुमचा नंबर भाच्यानं दिला. पावर सप्लाय बदलून देता न्हवं?"

मी म्हटलं, "जय भीम. देते की. मशीन घेऊन या."

"आनता येनार न्हाई. चालू हाय ते."

"बंद करून आणा, काका."

ते म्हणाले, "बंद करायचं न्हाई. बंद न करता बदलून मिळंल का, ते इचारायला फोन केला."

मला हसू आलं. मी म्हटलं, "अहो काका, विजेचाच डबा बदलायचाय, तो चालू ठेवून कसा बदलणार?"

"आम्ही चालू लायनीवर काम करायचो," ते म्हणाले. "मी वीज बोर्डात वायरमन व्हतो."

एवढंच बोलले. त्या बोलण्यात बढाई नव्हती, त्यामुळे माझं हसू जिथल्या तिथे राहिलं. एरवी मी घरी जाऊन काम करत नाही, गुडघे आता साथ देत नाहीत. त्या वेळी मात्र पत्ता लिहून घेतला.

सोलापूर रस्त्यापासून थोडं आत त्यांचं घर. दोन खोल्या खाली आणि वर नंतर बांधलेली एक खोली. त्या खोलीच्या दाराशी पोचण्याआधीच मला मशीन ऐकू आलं. पंख्याचं बेअरिंग गेलं की घर्रर्र असा आवाज येतो, तो. आत टेबलावर मोठा काळा कॅबिनेट, बाजूला काच लावलेली, हौसेने जुळवलेलं मशीन. खाली दोन यूपीएस आणि एक जाडजूड इन्व्हर्टर. सगळी जोडणी काकांनी केलेली, वायरी पट्ट्यांत बसवलेल्या. तिकडे वीज सारखी जाते. तरी हे मशीन एकदाही बंद पडू दिलेलं नव्हतं.

मशीन त्यांच्या मुलाचं, सुमेधचं. खराडीत एका कंपनीत होता. हिवाळ्यात एका रविवारी मशीन चालू ठेवून तो गाडी काढून हायवेकडे गेला. आईला "आलोच" म्हणाला. तिथे ट्रकने उडवलं. कंपनीचा लॅपटॉप कंपनी घेऊन गेली, गाडी पोलिसांनी नेली. हे मशीन तेवढं राहिलं, चालू.

काका हे सगळं उभ्याने सांगत होते, जणू दुसऱ्या कुणाच्या घरचं. काकू वर आल्या नाहीत. खालून भांड्यांचा आवाज येत होता.

मी मशीनच्या मागे हात धरला. हवा येत नव्हती म्हटलं तरी चालेल, आणि जी येत होती ती चुलीपुढच्यासारखी. मोकळ्या टोकाला मीटर लावला. बाराच्या जागी सव्वाअकरा. डबा थकला होता. असा डबा कधीतरी एकटाच मरतो, आणि कधीतरी जाताना मदरबोर्ड आणि डिस्क बरोबर घेऊन जातो.

मी त्यांना तसं सांगितलं. मग म्हटलं, "आधी आपण यातल्या सगळ्या फायली दुसऱ्या डिस्कवर काढून घेऊ. म्हणजे काही झालं तरी सुमेधचं सगळं तुमच्याजवळ राहील."

"काढा," ते म्हणाले. "पन मशीन बंद करायचं न्हाई."

"फायली सुरक्षित राहिल्यावर बंद करायला काय हरकत आहे?"

"फायलींचं काय, ताई. मला त्यातलं कळत बी न्हाई."

मला वाटलं, त्यांना पडद्यावरचं चित्र जसंच्या तसं हवं असेल. तशी एक सोय असते. मशीनला झोपवता येतं, आणि जागं केलं की उघडलेलं सगळं तिथल्या तिथे परत येतं. ते मी समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "झोपलं म्हंजी त्यातली वीज जानार न्हवं?"

"जाईल. त्याशिवाय डबा काढता येणार नाही."

"मग बंदच की ते."

काकांनी टेबलावरची धूळ हाताने पुसली. ती रोज पुसत असणार, कारण धूळ नव्हतीच.

"ताई, हे त्यानं चालू केलंय," ते म्हणाले. "त्याच्या हातानं. त्या दिवशीपासनं वीज तुटली न्हाई यातली. बंद झालं की परत मी चालू करनार, न्हाईतर तुम्ही. मग ते त्यानं चालू केलेलं ऱ्हायचं न्हाई."

वीज एका क्षणापूर्वीची असो की सहा महिन्यांपूर्वीची, तिच्यात फरक नसतो. हे मला माहीत आणि त्यांनाही माहीत, आयुष्यभर विजेतच काढलेलं. मी उगीचच पुन्हा मीटर लावून बघितला.

मी फायली काढायला बसले. काका रोज सकाळी माउस एवढासा हलवून पडदा जागा करायचे आणि पुन्हा हात काढून घ्यायचे, दुसऱ्या कशाला हात लावायला भ्यायचे. इंटरनेटची वायर त्यांनी काढून ठेवली होती. अपडेट आलं की मशीन आपलं आपण बंद होऊन चालू होतं, असं भाच्याने सांगितलं होतं म्हणून. पडद्यावर त्या दिवसाची पानं तशीच उघडी होती. वर एक गाण्याचं पान. त्याच्यामागे काळ्या डब्यांची चित्रं असलेली तीन पानं.

"ते त्याच्या हापिसचं काम असंल," काका म्हणाले.

ऑफिसचं काम नव्हतं. ते पॉवर सप्लाय होते. सुमेध पॉवर सप्लाय निवडत होता.

मी एकेक पान पुढे आणून वाचलं. सगळ्यात मागच्या पानावर कोणता भाग किती वीज ओढतो त्याची त्याने बेरीज मांडलेली होती, वर थोडी मोकळीक धरलेली होती. वॅटच्या वेडात गेला नव्हता, साडेसहाशेचा बघितला होता, त्याच्या मशीनला अगदी नेमका. ग्राफिक्स कार्डाला लागणारी टोकं त्यात होती. तिघांतला एक निवडून खरेदीसाठी बाजूला काढून ठेवलेला होता, फक्त मागवायचा राहिला होता. त्याला आपल्या मशीनचा आवाज ऐकू येत होता, आणि त्याने योग्य तो भाग ओळखला होता. गाणं लावून आरामात बसून निवडला असणार.

मी काकांना जवळ बोलावलं. म्हटलं, "काका, हे ऑफिसचं नाही. हा डबा बिघडलाय हे सुमेधला कळलं होतं. नवीन कोणता बसवायचा ते तो बघत होता. हा त्याने निवडलाय."

काका वाकून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "बसवायसाठी त्यानं मशीन बंद केलं असतं?"

"केलंच असतं. त्याशिवाय बसत नाही."

"म्हंजी शटडाऊन त्यानंच मागितलं व्हतं," काका म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. खुर्ची ओढून बसले, आणि मी आल्यापासून पहिल्यांदाच बसले. मग म्हणाले, "हाच आना. त्यानं निवडल्याला. दुसरा नको."

आता इथे माझी अडचण झाली. सुमेधने सगळं बरोबर बघितलं होतं, एक गोष्ट सोडून. त्याच्या कॅबिनेटमध्ये डबा खाली बसतो, आणि प्रोसेसरला वीज देणारं टोक बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात जोडायचं असतं. वायर बोर्डाच्या मागून वळसा घालून वर न्यावी लागते. त्याने निवडलेल्या डब्याची ती वायर तेवढी लांब नव्हती. वॅट सगळे बघतात, टोकं बघतात, वायरची लांबी कुणी बघत नाही. लक्ष्मी रोडवर कापड घेताना हाताने मोजून घेणारी माणसंसुद्धा वायर मोजत नाहीत. आमच्यातले भलेभलेही डबा बसवून झाला की मग कपाळाला हात लावतात.

दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर मी सरळ सांगितलं असतं की हा नको, तो घ्या. काकांनी विचारलं, "बरोबर निवडलाय न्हवं त्यानं?" मी म्हटलं, "हो. मीही हाच घेतला असता."

बाजारात त्या टोकाला लावायची जोडवायर मिळते. चांगल्या प्रतीची घेतली तर धोका नसतो. मी सुमेधचा डबा मागवला आणि एक जोडवायर माझ्याकडून बरोबर घेतली.

डबा आल्यावर पुन्हा लोणीला गेले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकू या वेळी वर आल्या आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मी पुन्हा एकदा म्हटलं, "झोपवून ठेवू का? पानं तशीच राहतील."

"न्हाई," काका म्हणाले. "नीट बंद करा. अर्धवट काम नको."

कुठे दाबायचं ते मी दाखवलं. त्यांनी माउसवर हात ठेवला, मी तो धरला. गाण्याचं पान गेलं, डब्यांची पानं गेली. पडदा काळा झाला. पंखा थोडा वेळ आपल्याच जोरावर फिरला आणि थांबला. काकांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, दोन्ही यूपीएस बंद केले, इन्व्हर्टरची वायर सोडवली. मग खिशातून टेस्टर काढून एकेका टोकाला लावून बघितला. जुनी सवय. वीज गेली यावर त्यांनी नुसत्या बटणावरून कधीच विश्वास ठेवला नसणार.

खोलीत इतकी शांतता झाली की रस्त्यावरच्या गाड्या ऐकू यायला लागल्या. काकू आत आल्या आणि सुमेधच्या पलंगावर बसल्या. तो गेल्यापासून त्यांनी त्या खोलीत पाय ठेवला नव्हता, असं काकांनी मागाहून सांगितलं. त्या रडत होत्या आणि पदराने डोळे पुसत नव्हत्या. मीही रडले. स्क्रू काढत काढत रडले, कारण हात थांबवले असते तर मला तिथून उठता आलं नसतं.

जुना डबा काढला, नवा बसवला. मोठं टोक लागलं, ग्राफिक्स कार्डाची टोकं लागली, डिस्कची लागली. शेवटी प्रोसेसरची वायर मागून वर नेली. अपेक्षेप्रमाणे ती चार बोटं आधी संपली. मी जोडवायर लावायला घेतली तर काका बघतच होते. वायरमनच्या नजरेतून जोड सुटणार कसा.

"हा जोड कशाला?" त्यांनी विचारलं.

मी काहीतरी बोलायला गेले, पण त्या माणसाला विजेच्या कामात फसवणं माझ्याने झालं नाही. म्हटलं, "वायर जरा कमी पडते, काका. हे सगळ्यांकडून राहून जातं."

त्यांनी कमी पडलेली वायर बोटांत धरली. किती कमी पडली ते चार बोटं लावून मोजलं. आणि ते हसले. मी त्यांना हसताना तेवढंच पाहिलं.

"मोजायचं राह्यलं की त्याच्याकडनं," ते काकूंना म्हणाले. "ल्हानपनापासनं तसाच. घाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आम्ही बी जोड मारायचो, ताई. घट बसवा."

घट्ट बसवला. झाकण लावलं, वायरी बांधल्या, मागची मुख्य वायर खोचली. एवढ्या वर्षांत मी चालवून बघितल्याशिवाय एकही मशीन गिऱ्हाइकाच्या हातात दिलेलं नाही. तेवढा एक नियम मी सांभाळलाय. म्हटलं, "काका, बटण दाबा."

त्यांनी मान हलवली. "न्हाई."

मला वाटलं, धीर होत नसेल. "मी दाबू का?"

"तुम्ही बी न्हाई." ते शांतपणे बोलत होते, नव्या माणसाला काम समजावून सांगावं तसं. "आमच्यात कसं असतंय, ताई, खांबावर चढनारा आपल्या नावावर परमिट घेतो. मग लाइन बंद करत्यात, त्यालाच शटडाऊन म्हनायचं. काम झालं की तो खाली उतरतो आन सवता येऊन सांगतो, माझं परमिट परत घ्या, माझी मान्सं खाली हायेत. त्यानं सवताच्या तोंडानं सांगितल्याबिगर लाइन चालू करायची न्हाई. सायब आला तरी न्हाई. बाप आसला तरी न्हाई."

मी म्हटलं, "पण काका, मग हे..."

"राहू दे बंद," ते म्हणाले. "शटडाऊन त्यानं घेतलंय."

काकू पलंगावरून उठल्या. कपाटातून धुतलेली चादर काढून त्यांनी मशीनवर पसरली आणि कोपरे नीट खाली ओढले. मला म्हणाल्या, "ताई, जेवून जा. भाकरी टाकते." आणि खाली गेल्या.

मी जेवले. माझ्या हातचं ते एकच काम चालवून न बघता सोडलेलं आहे. तो पॉवर सप्लाय चालतो की नाही, मला माहीत नाही.